एका बाहीचा स्वेटर

मी एका बाहीचा स्वेटर बोलतोय. हसू नका. जन्मलो तेव्हा मला दोन्ही बाह्या होत्या, आणि चांगल्या लांब होत्या, कारण "पोरगी वाढत्या अंगाची आहे" असं मला विणणारीचं ठाम मत होतं.

मी शेवाळी रंगाच्या लोकरीचा. आई खिडकीशी बसून विणायची आणि तिची लेक, चिंगी, पायाशी बसून लोकरीचा गुंडा सोडत राहायची. दोन सुया एकमेकींशी कुजबुजायच्या आणि त्या कुजबुजीतून मी बोटबोट वाढायचो. ती गुंगी अजून माझ्या विणीत आहे.

चिंगी मला घालून कॉलेजात गेली, कामाला लागली. अंगावर लोकरीचे बारीक गोळे येऊ लागले. ती घरी आली की आई आधी चिमटीने तिच्या खांद्यावरचे गोळे खुडायची, मग बोलायला लागायची.

"पुरे ना आई! माकडीण आहेस का तू?"

"असेन. मग तू कोण झालीस, बघ."

चिंगी शास्त्रज्ञ झाली होती. संगणकाच्या पडद्यावर खऱ्यासारखी चित्रं उमटवायची, हे तिचं शास्त्र. पाणी, काच, आग यांची चित्रं इतरांनी केली होती. लोकर मात्र कुणालाच जमत नव्हती. पडद्यावरची माणसं रंगवलेला पुठ्ठा पांघरल्यासारखी दिसायची. चिंगीला हे सहनच होईना. तिने आईला सांगून टाकलं, "तुझा स्वेटर पडद्यावर विणणार आहे मी. तू ओळखलास तरच जमलं."

"बघू," आई म्हणाली.

त्या 'बघू'पायी चिंगीची काही वर्षं गेली.

धाग्याच्या आतलं पाहणारं एक यंत्र होतं. त्याचं तोंड एवढंसं, म्हणून माझ्या बाहीचे तुकडे करावे लागणार होते. कात्री हातात धरून ती मला म्हणाली, "रागावू नकोस हं." त्याआधी तिने ती बाही स्वच्छ केली. गोळे काढले, पात्याने सगळी लव तासली. मोजमाप चोख हवं ना!

शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावला. "दाढी करतेयस त्याची? बोहल्यावर चढतोय की काय?"

मला मात्र गारठल्यासारखं झालं होतं.

चित्र तयार झालं. टाका न् टाका बरोबर. आईला मुद्दाम बोलावलं. ती पदराने चष्मा पुसून पडद्यासमोर बसली.

"छान आहे गं. प्लास्टिकची दोरी ना?"

चिंगीचा चेहरा उतरला. तेवढ्यात आईला खुर्चीवर मी दिसलो.

"बाही कुठे गेली?"

"कापली. कामासाठी लागली."

आई बराच वेळ मला मांडीवर घेऊन बसली. "जुना स्वेटर उसवतात गं," ती हळूच म्हणाली. "कापत नाहीत." आणि चहा तसाच ठेवून निघून गेली.

त्या संध्याकाळी चिंगीने मला अंगात घातलं. एक हात माझ्यात, एक उघडा. ती खिडकीशी उभी राहिली. मावळतीचं ऊन तिरपं आत आलं आणि माझ्या उरलेल्या बाहीच्या कडेने एक धुकट, सोनेरी रेघ पेटली. कधी न तासलेली माझी लव उजेड धरून बसली होती. उजेड माझ्या धाग्यांत शिरत होता, रेंगाळत होता, वाट चुकून भलतीकडूनच बाहेर पडत होता. तिच्या उघड्या हातावरची लवसुद्धा तशीच चमकत होती.

"मी उजेडच तासून टाकला!" चिंगी ओरडली.

मग तिने पडद्यावर लव रुजवली. केस न् केस. खांद्यावर चार गोळेही ठेवले.

पुढे त्याच कामाला मोठं पारितोषिक मिळालं. भल्यामोठ्या सभागृहात, भल्यामोठ्या पडद्यावर, मी दोन बाह्यांनिशी झळकलो. स्वतःला पाहून मला स्वप्नात असल्यासारखं वाटलं. खरा मी चिंगीच्या अंगात होतो, एका बाहीने. लोक टाळ्या वाजवत होते, पण तिचे डोळे पहिल्या रांगेकडे होते. आई टाळ्या वाजवत नव्हती.

कार्यक्रम संपला. पाहुण्यांच्या गराड्यातून वाट काढत आई मंचावर चढली, थेट पडद्यापाशी गेली. टाचा उंचावल्या. तिचा हात आपसूक वर गेला आणि चिमटी त्या खांद्यावर मिटली. हाताला काहीच लागलं नाही. तिने पुन्हा चिमटी घेतली.

चिंगी मानचिन्ह काखेत मारून धावत आली. "काय गं आई?"

"काही नाही. गोळा होता."

चिंगी तिच्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली, आणि दोघींच्या मधे मी होतो.

आता मी पुन्हा आईच्या मांडीवर आहे. तशी शेवाळी लोकर आता कुठे मिळत नाही, म्हणून माझी नवी बाही विटकरी होते आहे. सुया कुजबुजताहेत. मला गुंगी येते आहे, तेव्हा एवढं सांगतो आणि थांबतो. आपल्या माणसाच्या स्वेटरवरचे गोळे जरूर खुडा. पण स्वेटर त्याच्या अंगात असताना.