बिनआशेचा राक्षस

मित्रांनो, मी पुठ्ठ्याची एक जुनी चकती आहे. राक्षस तयार करणे हे माझे काम. असे काम सांगताना संकोच वाटतो. ऐकून तुम्ही घाबराल की हसाल, हेही मला नीट कळत नाही. तरी सांगते.

निपाणीच्या शांतिनाथने मला चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात बनवले. तो पुण्याला कॉलेजात होता. तिथल्या वसतिगृहात त्याने एक परदेशी खेळ पाहिला होता. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे वीर होतात आणि फासे टाकून राक्षसाशी झुंजतात. सुट्टीत त्याने घरामागच्या तंबाखूच्या वखारीत हा खेळ मांडला. खोक्याचा पुठ्ठा कापून माझे गोल केले, एकावर एक ठेवून मध्ये टाचणी बसवली. गोल फिरवले की वरच्या गोलात कापलेल्या खिडक्यांतून राक्षसाचे बळ, रूप आणि मृत्यू, म्हणजे तो कशाने मरेल ते, दिसे. बळ वाढवले की मृत्यू सोपा होई, म्हणजे वीरांनाही संधी उरे.

पण हे जैनांचे घर. त्याची आई तारामती म्हणाली, "खेळात बी कुणाला मारायचं न्हाय. पिठाचा कोंबडा कापला तरी पाप लागतंय."

"आई, पुठ्ठ्याचा राक्षस हाय गं!"

"मग पुठ्ठ्याचं पाप लागंल."

शांतिनाथने मृत्यू खोडले आणि तिथे आशा, म्हणजे राक्षसाला काय हवे ते, लिहिल्या. राक्षस जेवढा बळकट, तेवढी त्याची आस साधी. कुणाला गूळ हवा, कुणाला नावाने हाक हवी. ती पुरवली की तो शांत होऊन निघून जाई.

एके दिवशी शांतिनाथच्या मित्राने, रायाप्पाने, मला इतके जोरात फिरवले की आशेची खिडकी कोऱ्या जागेवर थांबली. बळ मात्र सर्वांत मोठे.

"ह्याला कायबी नको!" रायाप्पा ओरडला. "लई भारी! आता बघू काय करतीस, कांते."

कांता ही शांतिनाथची धाकटी बहीण, त्या डावातली वीर. तिने गूळ दिला, हाका मारल्या. राक्षस पुढे येतच राहिला. तेवढ्यात आईने जेवायला बोलावले. दिवस मावळायच्या आत जेवायचे, हा त्या घरचा नेम. सगळे उठले. राक्षस तसाच राहिला. सुट्टी संपली होती; सकाळी शांतिनाथ पुण्याला गेला.

मी वखारीत फळीवर पडून होते. तंबाखूच्या वखारीत कोणीही आले की आधी शिंकते. दुपारी सुक्या पानांवरून कोणीतरी चालत येई, माझ्याजवळ थांबे. ते कधीच शिंकले नाही.

स्वयंपाकघरासमोरच वखारीचे दार होते. भीतीने कांता स्वयंपाकघरात जेवायला बसेना. पोर वाळून गेली. शेवटी आईने तिला हाताला धरून त्या दाराशी आणले.

"त्या राक्षसाला पाहिजे तरी काय?"

"कायबी नको गं. म्हणून तर जात न्हाय."

आईने दारातून आत पाहिले. मग म्हणाली, "कायबी नको म्हणणारा मुनी दारात आला तर आपण भितो व्हय? हात जोडतो न्हवं?"

तिने पदर सावरून हात जोडले. कांतानेही जोडले. आतली सळसळ थांबली. बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू झाली, पण आता ती दूर, मागच्या भिंतीकडे जात होती. मागच्या भिंतीला दार नव्हते, तरी ती पुन्हा कधी ऐकू आली नाही.

त्या संध्याकाळी कांता भाकरी मागून जेवली.

मित्रांनो, राक्षस खुशाल बनवा. पण खेळ अर्धा टाकून उठू नका. तुम्हाला जायला घर असते. त्याने कुठे जायचे, हे तुम्हीच सांगायचे असते.