मोंबाशाचा जिराफ

मथुरेने तिसऱ्यांदा मान उसवली. जिराफाची मान. जुन्या लुगड्यांच्या घडीतून गोधडीचं धड नीट बेतलं गेलं होतं, पायही जमले होते. मान मात्र तिच्या मनास येत नव्हती.

"काय गो मथुरे, पोरीला पडवळावर निजवतेस काय?" शेजारच्या आनंदीबाईने ओटीवरूनच विचारलं.

"जिराफ हाय तो. मोंबाशाचा. ह्यांनी पत्रात लिवलाय."

दाभोळात तेव्हा प्राण्यांच्या आकाराच्या गोधड्या शिवणारी मथुरा एकटीच. गावातली निम्मी पोरं तिच्या कासवांवर आणि म्हशींवर लोळून मोठी झाली. स्वतःच्या हिरासाठी मात्र ती फक्त पत्रात आलेली जनावरं शिवी. नवरा, दत्ताराम, आफ्रिकेकडे जाणाऱ्या आगबोटीवर. हिरा सव्वा महिन्याची असताना गेला, आता पोर पाच वर्षांची झाली. त्याचं पत्र आलं की पोस्टमास्तर वाचून दाखवीत, आणि शेवटी दोन ओळी हिरासाठी असतच. 'पाय उंटाचे, मान माडाची, अंगावर चिऱ्यांची भिंत, चुन्याने सांधलेली.' मथुरेने तांबडे तुकडे पांढऱ्या पट्ट्यांनी जोडले ते त्यावरूनच.

गावात खलाशांची पोरं घरी आलेल्या बापाला पाहुणा समजून दाराआड लपत. आपल्या पोरीने तसं करू नये, एवढीच मथुरेची इच्छा. म्हणून गोधडी अंथरताना ती दर वेळी सांगे, "हे तुझ्या बाबांनी बघितलं हो!"

चैत्रात दत्ताराम आला. हिरा लपली नाही. जिराफ खांद्यावर टाकून थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, असाच होता ना?"

दत्तारामाने गोधडी उलटीपालटी केली.

"उंट काय गो हा?"

हिराचं तोंड एवढंसं झालं. ती आईच्या मागे गेली. मथुरेने गोधडी सरळ करून त्याच्यापुढे धरली.

"अहो, असं काय करता? तुम्हीच नाय का लिवलंत?"

दत्ताराम खाली बसला. थाप मारता आली असती, पण माणूस सरळ.

"मी आगवाला. बॉयलरात कोळसा टाकायचा. बंदर लागलं की मेल्यासारखे निजतो आम्ही. मोंबाशाला सहा वेळा गेलो, पण बघितलं काय, तर काय नाय. आणि मला अक्षर कुठं येतं? पत्र गुणाजी लिवतो, डेकवरचा. मी म्हणतो, खुशाल हाय म्हणून लिव. खालच्या दोन ओळी तो आपल्या मनाने घालतो. त्याची पोर देवीच्या साथीत गेली. असती तर हिराएवढी."

मथुरेला आधी राग आला, मग रडूच आलं. पाच वर्षं जिवाशी धरलेल्या ओळी दुसऱ्याच कुणाच्या निघाल्या.

"म्हणजे बाबाने जिराफ बघितलाच नाय?" मागून हिराने विचारलं.

"नाय गो बाय."

"हात्तिच्या!" हिरा पुढे आली, गोधडी पसरली आणि बापाला हाताला धरून तिच्यावर बसवलं. "ऐक. मी सांगते. पाय असतात उंटाचे..."

सहा वेळा मोंबाशाला जाऊन आलेला दत्ताराम मांडी घालून, आ वासून ऐकत राहिला. मधेच त्याने विचारलं, "चावतो काय गो?" तेव्हा हिरा इतकी हसली की आनंदीबाई हातातलं काम टाकून बघायला आली. त्या दिवसापासून पोर बापाच्या पाठीवरून उतरेना.

दोन महिने कसे गेले कळलंच नाही. निघायच्या दिवशी मथुरेने ट्रंकेत कपड्यांवर जिराफ ठेवला.

"हा हिराचा ना?" दत्ताराम म्हणाला.

"तिनेच दिलाय. गुणाजी भावजींना द्या. आणि त्यांच्या पोरीचं नाव काय होतं, तेवढं कळवा."

दत्ताराम ट्रंकेचं झाकण हातात धरून तसाच उभा राहिला. पाच वर्षं तो गुणाजीच्या शेजारी बसून जेवत होता. नाव त्याने कधी विचारलंच नव्हतं.