माझ्या ओळीतलं ताजं शेण

अर्धं रासायनिक खत आणि अर्धं कुजलेलं शेणखत दिलं तर डाळिंब वजनदार भरतं, हे माझं म्हणणं थोरल्या दिरांना पटेना. सासऱ्यांनी मला एक ओळ दिली. ती साधली, तरच पुढच्या बहाराला सगळी बाग माझ्या पद्धतीने होणार होती.

आज बघते तर माझ्या झाडांच्या बुंध्याशी गोठ्यातलं ताजं शेण! त्याने हुमणीची अळी लागते आणि मुळं खाते.

“भाऊजी, हे कोणी टाकलं?”

“तुलाच शेन पायजे हुतं ना? लई शिकलीस, पिकव आता.”

कडेवरच्या बाळाला बांधावर बसवून मी घमेली भरभरून ते शेण भाऊजींच्या शेजारच्या ओळीत ओतू लागले.

“अगं, माझी झाडं मरत्याल!” ते ओरडले.

“म्हणजे माहीत होतं तुम्हाला,” मी म्हणाले, आणि पुढचं घमेलं उचललं.