कमरोद्दीनचाचांची पेटी

बेगमपुऱ्याच्या त्या गल्लीत कुणी कुणाला प्यायला पाणी दिलं, तरी त्यामागचं कारण शोधलं जाई आणि सापडलं नाही तर तयार केलं जाई. पोलीस ॲक्शन होऊन तीनेक वर्षं झाली होती, पहिली निवडणूक तोंडावर आली होती. कारणांना तोटा नव्हता.

तशात कमरोद्दीनचाचा रोज सकाळी सांडू गवंड्याला फिरवायला नेऊ लागले. सांडू परांचीवरून पडून पाय मोडून बसलेला. प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, नाहीतर पाय कायमचा आखडेल. चालवणार कोण? त्याची बायको साळूबाई सकाळच्या भोंग्याला गिरणीत नसली, तर घरात चूल पेटायची नाही. चाचा मात्र रिकामे होते. जुन्या कचेरीत ते पेशकार, साहेबांपुढं कागद ठेवणारे कारकून. राज्य बदललं आणि नोकरी गेली. इस्त्रीची शेरवानी घालून, सांडूचा हात खांद्यावर घेऊन ते पाणचक्कीपर्यंत जात आणि वाटेत दिसेल त्याला सलाम करत.

"रोजचे सलाम, वर गरिबाचा हात खांद्यावर," शेजारची द्वारकाबाई म्हणाली. "साळू, हा म्हातारा निवडणुकीला उभा राहतोय. मतदान झालं की तोंड दाखवणार नाय."

साळूबाईला ते पटलं. खरं तर बरंच वाटलं. उपकाराचं ओझं उतरलं आणि सरळ व्यवहार उरला: त्यांनी चालवायचं, आपण मत द्यायचं. तेव्हापासून तिनं चाचांना ना कधी चहा विचारला, ना दोन शब्द गोड बोलली. चाचांनी सासूच्या तब्येतीची चौकशी केली, की तिच्या मनात यायचं, म्हातारीचंही मत हवंय वाटतं.

"लई भला माणूस हाय," सांडू म्हणे.

"व्हय, मतापुरता."

धास्ती तिला एकच होती. मतदानाच्या आत सांडूचा पाय सुधारायला हवा, नंतर कोण येणार? गिरणीतून आली की ती त्याचा पाय चोळत बसे आणि सकाळी निघताना बजावे, "आज जरा लांब जा. दिवस थोडे राहिले."

मतदानाच्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. ठेवणीतलं लुगडं नेसून साळूबाई शाळेत गेली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याची निशाणी, आणि मताचा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. कागद घेऊन ती पडद्याआड गेली आणि लगेच बाहेर आली.

"साहेब, चाचांची पेटी कोणती?"

"कोण चाचा?"

"कमरोद्दीनचाचा. बेगमपुऱ्याचे."

साहेबांनी नावं पाहिली. "असा कुणी उभाच नाही, बाई."

साळूबाई परत आत जाऊन पेट्यांपुढं उभी राहिली. इतके दिवस तो माणूस उंबऱ्याबाहेर ताटकळायचा आणि आपण त्याला 'आत या'सुद्धा म्हणालो नाही, हे तिला आठवलं. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त भरून आलं. तो कागद दुसऱ्या कुणाच्या पेटीत टाकायला तिचा हात धजेना. तिनं तो कमरेला खोचला आणि तडक घर गाठलं.

चाचा रोजच्यासारखे आलेले होते. खाली वाकून सांडूच्या पायात वहाण सरकवत होते.

"चाचा, हे तुमचं," तिनं कागद पुढं केला. "तुमची पेटी तिथं नाय."

चाचांमधला पेशकार हादरला. "तौबा, बाई, हा सरकारी कागद. आत्ताच्या आत्ता नेऊन टाका."

"तुमी उभे नाय, तर रोज येता कशाला?"

चाचा शेरवानीची गुंडी चाचपत राहिले. "नोकरी गेली, तेव्हापासून माझ्या दारी कुणी येईना. सकाळी उठून शेरवानी कशासाठी घालायची, तेच कळेना. सांडूभाईचा पाय मोडला आणि मला परत कचेरी मिळाली. मतलब माझाच आहे, बाई."

"चाचा, तुमचे लई उपकार हायेत," साळूबाई म्हणाली. "आधी आत या. चहा ठेवते."

"आधी मत. वखत निघून जाईल."

सांडूचंही मत राहिलं होतं. तिघं निघाली. शाळा पाणचक्कीपेक्षा लांब, तरी सांडूनं चाचांच्या खांद्यावर हात टाकून सगळी वाट तुडवली. मतदानाच्या साहेबांनी साळूबाईला चार शब्द सुनावले आणि आत सोडलं. कागद कुणाच्या पेटीत टाकला, ते तिनं कधी सांगितलं नाही.

परतताना सांडू म्हणाला, "खांदा सोडून बघू का?" आणि त्यानं सोडलाही. तो एकटा पुढं चालू लागला. साळूबाईला आनंद झाला, आणि तेवढ्यात शेजारी मोकळ्या खांद्यानं चालणारे चाचा दिसले. पाय तर बरा होणार. मग या माणसानं सकाळी उठून जायचं कुठं?

"चाचा," ती म्हणाली, "पाय बरा झाला तरी सकाळचा चहा आमच्याकडं. शेरवानी घालून या."