सहा सेकंदांचा चमत्कार

देवराम वॉचमनच्या दारात साठ-सत्तर माणसं जमली होती आणि सगळ्यांचे फोन वर होते. सर्वांत पुढे ज्योत्स्ना मॅडम. सातपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. गेल्या वर्षी हरसूलच्या बाजारात एका बाबाच्या बाहीतली अंगाऱ्याची पुडी त्यांनी चारचौघांत ओढून काढली होती. आज मात्र त्यांच्याच अंगात आलं होतं.

सकाळी कंपनीच्या गेटवर ठेक्यावरच्या कामगारांचं आंदोलन झालं. दुपारी मॅडमच्या फोनवर सहा सेकंदांचा व्हिडिओ आला. गेटवरचा वॉचमन देवराम आंदोलनाला आलेल्या म्हाताऱ्या पुतळाबाईला जमिनीवर दाबतोय, मागून किंकाळी. "हा राक्षस ओळखा!" असं लिहून, पुढे सात उद्गारचिन्हं ठोकून मॅडमनी तो टाकला. तासाभरात चार हजार लोकांनी पाहिला. वर्गात चाळीस पोरंही त्यांचं धड ऐकत नसत!

सुनील नावाच्या कामगाराने विचारलं, "मॅडम, पूर्ण व्हिडिओ आहे का?"

"तू कंपनीचा माणूस का?" मॅडमनी सुनावलं. हरसूलचा बाबाही शंका काढणाऱ्याला असाच गप्प करायचा, पण ते आठवायला उसंत कुणाला?

कोणीतरी दारावर लाथ घातली. दार उघडलं आणि बाहेर आली खुद्द पुतळाबाई. मागे तिची नात तेजल.

"काय लावलंय रे? उन्हानं भोवळ आली मला. यानं धरलं, नायतर डोकं फुटलं असतं. बरं वाटलं म्हणून सांगायला आले, तर ही जत्रा!"

तेजलने आंदोलन टिपताना स्वतः काढलेला आणि मैत्रिणींना पाठवलेला व्हिडिओ दाखवला. पन्नास सेकंदांचा. आजी डगमगते, देवराम धावतो, तिला अलगद निजवतो, पाणी पाजतो. त्यातलेच मधले सहा सेकंद कोणीतरी कापले होते. किंकाळी वरून चिकटवलेली.

"आणि मॅडम," तेजल म्हणाली, "व्हिडिओखाली कमेंटमध्ये लोक जितकं भांडतात, तितका तो आणखी लोकांना दिसतो. तुम्ही तर दुपारपासून भांडत होतात."

मॅडमचं तोंड एवढंसं झालं. दाराआडून देवराम कसाबसा म्हणाला, "मॅडम, मी बी ठेक्यावरच हाय."

मॅडमनी सर्वांसमोर हात जोडून माफी मागितली. खुलासाही टाकला. तो एक्केचाळीस जणांनी पाहिला. मग दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच गल्लीगल्लीत जाऊन सांगू लागल्या, "ठेक्याचा प्रश्न खरा आहे, तुमचा रागही खरा आहे. पण तो कुणावर काढायचा, हे फोनला ठरवू देऊ नका. याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, एवढं तरी विचारा. मी विचारलं नाही. शिकलेली असून."