छातीत दडपलं की थेंब कमी करायचे

आमच्या क्लिनिकमध्ये आजारी माणूस येत नाही. येतात ते धडधाकट, साठीच्या आसपासचे, नव्वदीतही असंच धडधाकट राहायचंय असे. मऊ खुर्चीत रेलतात, पायांवर शाल घेतात आणि मी त्यांच्या शिरेत सुई घालून एनएडीचं सलाईन चालू करते. पत्रकात त्याला सहविकर, म्हणजे कोएन्झाइम, म्हटलंय. ते पेशींत असतंच, वयाबरोबर कमी होतं, म्हणून वरून घालायचं. टाकीतलं पाणी कमी झालं की बादली ओतावी, इतकं सोपं दिसतं ते पत्रकात.

तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली. नवरा त्याच वॉर्डात गेला, मग तिथे पाऊल टाकवेना, म्हणून इथे आले. इथे कुणी मरत नाही. त्याचं बरं वाटलं म्हणावं तर तेही नाही. वर्षभर मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दिवसभर पाट्या टाकायच्या, घरी जाऊन फोन पालथा ठेवायचा आणि भिंतीकडे बघत पडायचं.

एक दिवस दादा, माझा थोरला भाऊ, आमचं पत्रक हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. सहासष्ट वर्षांचा गडी. आयुष्यभर लोकांचे चष्मे बनवले, स्वतःचा कधी जागेवर सापडला नाही.

"ठमे, तू सांग. घेऊ का मी हे?"

मला माहीत होतं ते सांगायला पाच मिनिटं पुरली असती. उंदरांमध्ये बरं दिसलंय. माणसाच्या रक्तात पातळी वाढते, पण त्यामुळे माणूस जास्त किंवा जास्त चांगला जगतो, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. शिरेतून देण्याबद्दल तर आणखीच कमी माहिती आहे. आमच्या डॉक्टरीणबाई विचारलं तर हे सगळं खरं सांगतात, पण विचारतंय कोण? दादाने विचारलं होतं, तेही मला. पण मला बोलायचाच कंटाळा आला होता.

"घे की," मी म्हटलं. "काही होत नाही त्याने."

"म्हणजे फायदा होत नाही की तोटा?"

"दोन्ही."

"मग घेतोच!" तो म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला. दर मंगळवारी यायचं ठरलं.

या औषधाची एक खोड आहे. जरा वेगाने गेलं की छातीत दडपतं, मळमळतं, पोटात पिळवटतं. नळीवरचं चाक फिरवून थेंब कमी केले की पाच मिनिटांत उतरतं. म्हणून साठीच्या पुढच्या माणसाजवळ पूर्ण दोन तास सिस्टरने बसून राहायचं, असा आमचा नियम. वॉर्डात कुणी छातीला हात लावला, मग तो कितीही हसत असो, मी दहा मिनिटांच्या आत कार्डिओग्राम काढायचे. इथे दिवसातून चारदा कुणीतरी छातीला हात लावतं आणि मी चाक फिरवते. माझ्या हाताला तसंच वळण लागलं.

पहिले दोन मंगळवार दादा एकटाच बडबडला. वहिनीचे गुडघे, शेजाऱ्याचं कुत्रं, वाट्टेल ते. त्यालाही दडपलं, मी थेंब कमी केले, उतरलं.

तिसऱ्या मंगळवारी कसं कोण जाणे, मी बोलायला लागले. नवऱ्याबद्दल. शेवटच्या आठवड्यात तो मला ओळखेनासा झाला आणि "सिस्टर, माझ्या बायकोला बोलवा हो," म्हणायचा, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सपाट आवाजात सांगत होते, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी.

"जरा दडपतंय गं," दादा मध्येच म्हणाला.

"होतं तसं." मी थेंब कमी केले आणि पुढे सांगत राहिले.

थोड्या वेळाने तो परत म्हणाला, "आहे अजून. पण तू बोल."

"भित्रा कुठला! इथे ऐंशीच्या आजीबाई हूं की चूं करत नाहीत." थेंब आणखी कमी केले. मग बोलता बोलता सलाईन बंदच केलं आणि त्याच्या कागदावर लिहून टाकलं: छातीत दडपण, थेंब कमी केले, आराम. रोज तेच लिहिते.

सुई काढायला त्याचा हात धरला, तर हात बर्फासारखा गार आणि घामाने चिंब. तोंड राखेच्या रंगाचं. पहिल्यांदा बोलला त्याला वीस मिनिटं होऊन गेली होती.

मग मात्र जुने हात जागे झाले. अ‍ॅस्पिरिनची गोळी चघळायला दिली, शालींच्या खोक्यांमागचं कार्डिओग्रामचं मशीन ओढून काढलं, रेघ पाहिली, अँब्युलन्स बोलावली. भीती वाटायला हवी होती, वाटली नाही.

दादा वाचला. हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. जिने चढायचे नाहीत, वजन उचलायचं नाही. थोडं आधी आणलं असतं तर, असं म्हणून हॉस्पिटलचे डॉक्टर थांबले. वहिनीने माझे दोन्ही हात धरले. "वन्सं, तुम्ही होतात म्हणून हे आज दिसताहेत."

कागदावर 'आराम' होतं, मला कुणी काही विचारणार नव्हतं. जन्मभर मिरवता आलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो.

"दादा, तुला अटॅक येत होता आणि मी वीस मिनिटं नुसते थेंब कमी करत बसले. न बघता आराम म्हणून लिहिलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हे औषधाचं दडपण नाही, ते मला लगेच कळलं होतं. आधी दोनदा झालं ते वेगळं होतं गं. हे डाव्या हातात उतरत होतं."

"मग बोंबलायला काय झालं होतं तुला?" मी ओरडलेच. दारातून कुणीतरी डोकावलं.

"मला कुठे शंभर वर्षं जगायचंय? तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस. तिथे दोन तास तुला माझ्याजवळ बसावंच लागायचं. आणि त्या दिवशी तू बोलायला लागलीस. वाटलं, एवढं बोलून होऊ दे हिचं."

मला त्याचा असा राग आला, असा राग आला, की मी पलंगाची दांडी घट्ट धरली. अख्ख्या वर्षात मला काही वाटलं ते एवढंच. तेवढ्यासाठी माझ्या भावाने आपल्या हृदयाचा एक भाग घालवला होता.