दिव्यांग विद्यार्थी: निरंक

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी क्षमा शेवडेची किल्ली कॉम्प्युटर लॅबच्या कुलपाला लागेना. तिनं दोनदा फिरवून पाहिली, मग लक्षात आलं की कुलूपच नवं आहे. शिपायानं दार उघडून दिलं. आत एकही कॉम्प्युटर नव्हता. भिंतींना ताजा रंग दिलेला होता आणि टेबलांवर काळे टॅबलेट ओळीनं उभे करून ठेवले होते.

"पुराना सामान सीढ़ी के नीचे रखवा दिया है, मैडम," शिपाई म्हणाला.

जिन्याखाली तिची बावीस मशीनं एकावर एक रचलेली होती. तिनं एक उचलून स्टाफरूममध्ये नेलं आणि चालू केलं. डिस्क कोरी होती. दुसरं लावलं, तेही कोरं. मुलींची सहा-सात वर्षांची कामं कुणीतरी पुसून टाकली होती, आणि तिला विचारणं सोडाच, कळवलंही नव्हतं.

जबलपुरातल्या गोहलपूरजवळची ही मुलींची शाळा एका ट्रस्टची. क्षमा तिथं एकोणीस वर्षं कॉम्प्युटर शिकवत होती. ती मशीनं सिविल लाइन्समधल्या एका सरकारी ऑफिसनं मोडीत काढलेली होती. विकतची सिस्टीम त्या जुन्या मशीनांना झेपत नव्हती, म्हणून तिनं त्यांवर खुली सिस्टीम घातली होती. तिचा आतला कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो, दुसऱ्याला देता येतो. फुकटातलं काय टिकणार, असं स्टाफरूममध्ये लोक म्हणाले होते. ते टिकलं, आणि त्यामुळंच अवंती त्या लॅबमध्ये शिकली.

अवंती कळमकरला जन्मापासून दिसत नव्हतं. तिची आई अंजनी खमरियाच्या फॅक्टरीत कामाला होती, घरात दोघीच. मुलगी सहावीत आली तेव्हा क्षमानं तिच्या कानाला हेडफोन लावून दिला होता. पडद्यावर जे असेल ते मशीन हिंदीत वाचून दाखवायचं. आवाज पत्र्यासारखा होता आणि जोडाक्षरांवर अडखळायचा. 'क्षमा' हे नाव तर त्याला धड उच्चारताच येईना. आठवीत अवंतीनं विचारलं होतं, "मैडम, इसको सिखा नहीं सकते?" दोघींनी मिळून उच्चारांची फाइल उघडली आणि दोन महिने रोज मधल्या सुट्टीत एकेक शब्द सुधारला. ती दुरुस्ती त्यांनी ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवली, त्यांनी ती घेतलीसुद्धा. आता अवंती अकरावीत होती. कॉम्प्युटर हाच विषय तिनं घेतला होता आणि स्वतः प्रोग्राम लिहीत होती.

नव्या टॅबलेटनं तिच्यासाठी तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशी ती सबंध तास काचेवर बोट फिरवत बसली होती. क्षमानं सेटिंग उघडायचा प्रयत्न केला, तर तिथं कंपनीचा पासवर्ड. वाचणारं सॉफ्टवेअर घालू पाहिलं, तर बाहेरचं काही घालायला मनाई. टॅबलेट बसवून द्यायला आलेला कंपनीचा माणूस शैलेंद्र अत्यंत गोड बोलायचा. पुढच्या अपडेटमध्ये होऊन जाईल, असं त्यानं सांगितलं. तिनं कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिन्ही वेळा तक्रारीचा क्रमांक तेवढा परत आला.

मुख्याध्यापक श्रीरंग डबीर यांनी तोडगा काढला की एखादी मुलगी अवंतीला वाचून दाखवील. डबीर सरांनी क्षमाला शाळेत गणित शिकवलं होतं, जबलपूरच्या मराठी घरांत त्यांना मान होता, म्हणून ती गप्प राहिली. पण अवंतीनंच तिला नंतर सांगितलं, हिंदीत, अगदी शांतपणे. दुसरं कुणी वाचतं तेव्हा मला त्यांच्या वेगानं ऐकावं लागतं. मी वाचते तेव्हा थांबते, मागं जाते, चूक कुठं आहे ते शोधते. आता चूक त्यांना दिसते आणि त्या मला सांगतात. मग मी काय करते तिथं बसून?

त्या दिवशी घरी क्षमानं भाकरीचं पीठ इतकं मळलं की सासूबाईंनी परात ओढून घेतली.

सप्टेंबरात सहामाही परीक्षा टॅबलेटवर झाली. वाचून दाखवायला नेमलेली मुलगी स्वतःचा पेपर सोडवत होती, आणि क्षमाला दुसऱ्या वर्गावर नेमलं होतं. अवंती दीड तास बसून राहिली. निकाल आपोआप पालकांच्या फोनवर गेला. अंजनीला तो फॅक्टरीतून सुटताना मिळाला: प्राप्तांक शून्य. खाली शेरा होता, 'प्रयास नहीं किया गया.'

अंजनी तशीच, कामाच्या कपड्यांत, शाळेत आली. तिनं फोन क्षमासमोर धरला.

"बाई, माझ्या पोरीनं प्रयत्न नाही केला? हे कोणी लिहिलं ते मला सांगा."

कुणीच लिहिलं नव्हतं. ते मशीननं ठरवलं होतं, आणि म्हणूनच क्षमाच्या डोक्यात तिडीक गेली. ती अंजनीला घेऊन सरळ डबीर सरांच्या खोलीत शिरली.

सरांनी दोघींना बसायला सांगितलं. क्षमा बसली नाही. सर समजावू लागले की करार पाच वर्षांचा आहे, ट्रस्टनं केला आहे, त्यात शाळेत दुसरं सॉफ्टवेअर चालवायचं नाही अशी अटच आहे, त्यांचे हात बांधलेले आहेत. एका मुलीसाठी चारशे मुलींचं नुकसान करता येत नाही. क्षमानं करार बघायला मागितला. त्यांनी आधी टाळलं, मग फाइल तिच्याकडे सरकवली. त्यात शक्य नाही असं स्पष्ट लिहिलंय, तूच बघ, असं त्यांना वाटत असावं.

करारासोबत शाळेनं भरून दिलेला फॉर्म होता. सातव्या रकान्यात विचारलं होतं, दिव्यांग विद्यार्थिनींची संख्या व त्यांच्या गरजा. समोर डबीर सरांच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता: निरंक. म्हणजे एकही नाही.

क्षमानं तो शब्द अंजनीला वाचून दाखवला. मग सरांकडे पाहिलं.

"सर, सहा वर्षं ती तुमच्या या खोलीसमोरून काठी टेकत जाते. रोज तुम्हाला नमस्कार करते. काहून लिहिलं असं?"

"अगं, ते भरलं असतं तर वेगळी तपासणी, वेगळी कागदपत्रं. सगळं लांबलं असतं. तू काहून इतकी चिडून राहिली? कुणाचं वाईट करायचं म्हणून थोडीच लिहिलं मी."

त्यांना वाईट करायचं नव्हतं हे क्षमाला कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता. एक शब्द लिहिला की काम सोपं होतं, म्हणून त्यांनी लिहिला. मुलगी आड येत होती, तर तिला कागदावरून काढून टाकलं. क्षमानं फोनवर त्या पानाचा फोटो घेतला. सर काही बोलायच्या आत दोघी बाहेर पडल्या होत्या.

पुढच्या शनिवारी पालकसभा होती. शैलेंद्र पडद्यावर रंगीत आलेख दाखवत होता, ट्रस्टचे दोन सदस्य पहिल्या रांगेत होते. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा क्षमा उभी राहिली. तिनं भाषण केलं नाही. सातवा रकाना आणि त्यासमोरचं उत्तर तिनं मोठ्यानं वाचलं. मग मागच्या रांगेकडे वळून म्हणाली, "अवंती, खड़ी हो जाओ, बेटा."

अवंती उठली. काठी तिच्या हातात होती. तिनं आपलं नाव सांगितलं, वर्ग सांगितला, हजेरी क्रमांक सांगितला.

"मेरे ज़ीरो नंबर आए हैं," ती म्हणाली. "मुझे पेपर नहीं दिया गया था. काँच दिया गया था."

शैलेंद्र घाईनं म्हणाला की कंपनीला याची कल्पनाच नव्हती, शाळेनं निरंक कळवलं होतं. क्षमानं त्याला त्याच्याच कंपनीचे तीन तक्रार क्रमांक तारखांसकट वाचून दाखवले आणि विचारलं की हे कुणाबद्दल होते. मग अंजनी बोलली, आणि तिच्यानंतर गोहलपूरच्या दोन वडिलांनी विचारलं की शाळेला सवडीचं नसेल तर आमच्या मुलींनाही कागदावरून काढणार का.

सोमवारी क्षमा आणि अंजनीनं सिविल लाइन्समधल्या दिव्यांग कल्याण कार्यालयात रीतसर तक्रार दिली. त्याच दुपारी क्षमाला शाळेची नोटीस मिळाली: गोपनीय कागद फोडला, संस्थेची बदनामी केली. कॉम्प्युटर विषय तिच्याकडून काढून घेतला आणि तिला सहावीच्या नैतिक शिक्षणावर नेमलं. तिनं नोटिशीला चार ओळींचं उत्तर दिलं आणि खाली सही इतकी दाबून केली की कागद फाटला.

सुनावणी व्हायला जानेवारी उजाडला. निर्णय अवंतीच्या बाजूनं लागला. शून्य रद्द झालं, परीक्षा पुन्हा घ्यायची, तिला जे सॉफ्टवेअर चालतं त्यावरच. कराराची अट आड येऊ शकत नाही, असं आदेशात लिहिलं होतं. जिन्याखालचं एक मशीन वर आलं. क्षमानं स्वतःच्या पेनड्राइव्हवरून सिस्टीम घातली आणि अवंती हेडफोन लावून परीक्षेला बसली. तिला चौऱ्याहत्तर मार्क पडले. दोन प्रश्न तिनं चुकवले होते, ते कुठं चुकले हे तिनं स्वतः शोधलं.

पण बाकीची मशीनं भंगारात गेली, आणि क्षमाला तिचा विषय परत मिळाला नाही. शैलेंद्र आता दुसऱ्या शाळांत आलेख दाखवत फिरत होता.

फेब्रुवारीअखेरच्या एका संध्याकाळी डबीर सर क्षमाच्या घरी आले. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. वाद मिटला आहे, माझी काही तक्रार नाही, एवढंच त्यात होतं. सही केलीस तर जूनपासून तुझा विषय तुला देतो, ट्रस्टशी बोललोय मी, असं ते म्हणाले. ते थकलेले दिसत होते.

"झालं ना त्या मुलीचं काम? आता कशाला ताणून राहिली? रागानं तुझंच नुकसान होते आहे."

क्षमानं कागद वाचला आणि तसाच परत केला.

"सर, पालकसभेत शैलेंद्र पडद्यावर नावं दाखवत होता, या शहरात एकतीस शाळांनी हा करार केलाय. त्या फॉर्मवर त्यांनी काय लिहिलं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे?"

सर चहा न घेताच उठले. तिनं त्यांना दारापर्यंत सोडलं, पायऱ्या उतरताना अंधूक दिसतं म्हणून दिवा लावला, पण या पुन्हा असं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शिक्षण कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला. एकतीस शाळांची नावं खाली ओळीनं लिहिली होती आणि प्रत्येकीपुढं एकच प्रश्न होता: सातव्या रकान्यात काय लिहिलं? खिडकीतल्या बाबूनं यादी वरून खाली पाहिली आणि विचारलं, "इतना सब क्यों चाहिए, मैडम?"

"गिनना है," ती म्हणाली, आणि पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलली नाही.